पाण्यावरचा न दिसणारा मळ

एक वाडगं साबणाने घासा, वाहत्या पाण्याखाली बराच वेळ धरा, काठोकाठ पाण्याने भरा आणि त्यावर कापराचे मोहरीएवढे दोन-चार कण सोडा. कण जिवंत झाल्यासारखे पळायला लागतात. गिरक्या घेतात, काठाशी जाऊन वळतात, एकमेकांजवळ येतात आणि पुन्हा सुसाट दूर जातात. त्यांची पळापळ मनसोक्त पाहून झाली की बोटाचं टोक पाण्याला नुसतं टेकवा. सगळे कण जागच्या जागी थिजतात.

मी हा प्रयोग पहिल्यांदा केला तेव्हा कापूर हललाच नाही. कापरातच भेसळ असणार असं वाटून तीनदा कापूर बदलला. शेवटी वाडगं पुन्हा घासलं, पाण्याचे चार-पाच हात दिले आणि मग कुठे कण धावले. वाडग्याला तेलाचा जो अंश राहिला होता तो डोळ्यांना दिसत नव्हता, बोटांना जाणवत नव्हता. कापराला मात्र तो बरोबर कळला होता.

कापूर पळतो तो पृष्ठताणामुळे. पाण्याचे रेणू एकमेकांना धरून असतात, त्यामुळे पाण्याचा वरचा थर ताणलेल्या पडद्यासारखा वागतो. कापराचा कण सगळीकडून सारखा विरघळत नाही. ज्या बाजूने जास्त विरघळतो तिथला ताण कमी होतो आणि समोरचं स्वच्छ पाणी कणाला आपल्याकडे ओढून घेतं. बोटावरचं तेल पाण्यावर पसरलं की सगळीकडचाच ताण उतरतो. मग ओढायला कुणी उरत नाही.

पण बोटावरचं तेल असतं तरी किती? इथेच पृष्ठभागांच्या शास्त्राचं मर्म आहे. तेलाचा एका रेणूच्या जाडीचा थर साधारण 2 नॅनोमीटर भरतो, म्हणजे 1 मीटरचा 50 कोटीवा भाग. एवढ्या जाडीने 1 चौरस मीटर पाणी झाकायचं तर सुमारे 2 मिलिग्रॅम तेल पुरतं. वाडग्याला त्याचा एक बारीकसा हिस्साच लागतो. तोच अंश वाडग्यातल्या सगळ्या पाण्यात नीट मिसळला असता तर कुणाला पत्ताही लागला नसता. पण तेल पाण्यात मिसळत नाही, वर येऊन पसरतं. म्हणून पाण्याच्या पोटात नगण्य असलेला मळ पाण्याच्या पाठीवर सर्वेसर्वा होतो. दोन पदार्थ जिथे एकमेकांना भिडतात त्या सीमेला आंतरपृष्ठ म्हणतात. या सीमेचा अभ्यास करणाऱ्यांची निम्मी हयात या मळाशी झगडण्यात जाते आणि उरलेल्या निम्म्यात ते त्याच्याकडूनच शिकतात.

बेंजामिन फ्रँकलिन यांनी लंडनजवळच्या क्लॅपहॅम कॉमन इथल्या तळ्यावर चमचाभर तेल ओतलं होतं. वाऱ्याने उठलेल्या लाटा तेल पसरेल तशा निमत गेल्या आणि बघता बघता अर्धा एकर पाणी आरशासारखं सपाट झालं. हे वर्णन 1774 मध्ये छापून आलं. फ्रँकलिन यांनी एक भागाकार केला असता, तेलाचं आकारमान भागिले तळ्यावरचं क्षेत्रफळ, तर रेणूच्या आकाराचा अंदाज त्यांच्या हाती आला असता. तो भागाकार व्हायला शंभराहून जास्त वर्षं गेली. 1890 मध्ये ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी सुमारे 84 सेंटिमीटर व्यासाच्या टबात पाणी घेतलं, त्यावर कापूर सोडला आणि कापराचा नाच थांबवायला किती ऑलिव्ह तेल पुरतं हे मोजलं. 0.81 मिलिग्रॅम. त्यावरून थराची जाडी निघाली 1.6 नॅनोमीटर. टब, कापूर आणि तराजू एवढ्यावर रेणूंच्या जगाचं माप निघालं, याचं मला आजही नवल वाटतं.

पुढच्याच वर्षी रॅले यांना जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगहून एक पत्र आलं. तारीख 10 जानेवारी 1891, लिहिणाऱ्या आग्नेस पॉकेल्स. त्या काळी तिथे मुलींना विद्यापीठाचं दार बंद होतं. धाकटा भाऊ भौतिकशास्त्र शिकला आणि आग्नेस घरी राहून घर सांभाळत होत्या. पण वयाच्या अठराव्या वर्षापासून त्यांचे स्वयंपाकघरात पाण्यावरचे प्रयोग चालू होते.

त्यांचं उपकरण आपल्याला घरी करता येईल इतकं साधं. 70 सेंटिमीटर लांब, 5 रुंद, 2 खोल अशी पत्र्याची कुंडी, काठोकाठ भरलेली. तिच्यावर आडवी टाकलेली, पाण्याला टेकेल अशी दीड सेंटिमीटर रुंदीची पत्र्याची पट्टी. पट्टी सरकवली की एका बाजूचा पृष्ठभाग आक्रसतो, दुसऱ्या बाजूचा पसरतो. तराजूच्या एका बाजूला टांगलेली 6 मिलिमीटर व्यासाची छोटी चकती पाण्याला टेकवायची आणि ती सुटायला किती वजन लागतं ते पाहायचं, की झालं पृष्ठताणाचं मोजमाप.

यातली पट्टी मला सगळ्यात मोलाची वाटते. ती पृष्ठभाग मोजायला मदत करते आणि पृष्ठभाग झाडूनही काढते. पट्टी एका टोकाकडून सरकवत नेली की वरचा सगळा मळ पुढे लोटला जातो आणि मागे नवं कोरं पाणी उघडं पडतं. पॉकेल्स यांच्या आधी मोजणाऱ्यांचे आकडे एकमेकांशी जुळत नसत, कारण प्रत्येकाचं पाणी आपापल्या परीने मळलेलं असे. पॉकेल्स यांनी आधी पाणी झाडलं आणि मग त्यावर मोजून-मापून मळ टाकला. तेव्हा त्यांना दिसलं की थर विरळ आहे तोवर ताण शुद्ध पाण्याइतकाच राहतो. पट्टी सरकवून थर दाबत नेला की एका ठरावीक जागी ताण एकदम घसरायला लागतो. त्या जागी रेणू खांद्याला खांदा लावून उभे राहिलेले असतात.

रॅले यांनी पत्र वाचलं, त्यांच्या पत्नीने त्याचं इंग्रजी केलं आणि रॅले यांनी ते नेचर या साप्ताहिकाकडे पाठवलं. 12 मार्च 1891 च्या अंकात ते छापून आलं. एका नावाजलेल्या शास्त्रज्ञाने पदवी नसलेल्या अनोळखी बाईचं काम तिच्याच नावाने जगापुढे ठेवलं. या विद्येतल्या लोकांनी अभिमानाने सांगावी अशी ही घटना आहे.

पुढे अमेरिकेत रसायनशास्त्रज्ञ अर्व्हिंग लँगम्यूर यांनी त्याच धाटणीच्या कुंडीत रेणूंची लांबी-रुंदी काढली आणि 1932 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्याच वर्षी सत्तरीत आलेल्या पॉकेल्स यांना ब्राउनश्वाइगच्या तंत्रविद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली. आज ही कुंडी बहुतेक ठिकाणी लँगम्यूर ट्रफ म्हणून ओळखली जाते. लँगम्यूर यांचं काम थोरच आहे, पण कुंडीला पॉकेल्स यांचं नाव असायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं.

एव्हाना या अभ्यासकांची एक बिरादरी तयार झाली होती. जर्मनीत 1922 मध्ये कलिल अभ्यासकांची संस्था निघाली. अमेरिकेत 1923 मध्ये मॅडिसन इथे पहिली कलिल परिषद भरली आणि ती परंपरा अजून चालू आहे. कलिल म्हणजे एका पदार्थात दुसऱ्याचे अतिसूक्ष्म कण तरंगत राहिलेली अवस्था: दूध, शाई, रंग, धुकं. पाण्याच्या पाठीचा अभ्यास करणारे आणि कलिलांचा अभ्यास करणारे एका मांडवात कसे, असं कुणी विचारेल. 1 सेंटिमीटर बाजूचा घन घ्या. त्याचा पृष्ठभाग 6 चौरस सेंटिमीटर. तोच घन 10 नॅनोमीटरच्या घनांमध्ये चिरला तर एकूण पृष्ठभाग 600 चौरस मीटर होतो. पदार्थ तेवढाच, पण आता त्याची पाठ प्रचंड मोठी झालेली असते. म्हणून मळाचा नियम इथेही लागू. मायकेल फॅरेडे यांनी 1857 मध्ये सोन्याचे अतिसूक्ष्म कण असलेलं माणकासारखं लालभडक द्रव केलं होतं. त्यात थोडं मीठ पडलं की ते निळं होई. सोन्याचे कण एकमेकांना विद्युतभाराने दूर ठेवतात, मीठ तो भार झाकून टाकतं आणि कण एकमेकांना चिकटतात.

या ओढाताणीचा हिशेब रशियात बोरिस देर्यागिन आणि लेव्ह लांदाऊ यांनी 1941 मध्ये मांडला. नेदरलँड्समध्ये फर्वे आणि ओव्हरबेक यांनीही स्वतंत्रपणे तोच हिशेब केला आणि 1948 मध्ये तो प्रसिद्ध केला. मधे महायुद्ध होतं आणि इकडची खबर तिकडे पोहोचत नव्हती. आज चौघांच्या आद्याक्षरांवरून तो सिद्धांत डीएलव्हीओ म्हणून ओळखला जातो.

त्यातल्या पहिल्या अक्षराच्या धन्याला पुढे या मळानेच गाठलं. 1960 च्या दशकात सोव्हिएत संघातल्या फेड्याकिन यांना केसासारख्या बारीक काचनळ्यांमध्ये वाफेचं पाणी करून एक विचित्र पाणी मिळालं. ते साध्या पाण्याहून घट्ट होतं, 0 अंशाला गोठत नव्हतं, 100 अंशाला उकळत नव्हतं. देर्यागिन यांनी मॉस्कोत त्यावर काम वाढवलं. 1969 मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी त्याचं नाव पॉलिवॉटर ठेवलं आणि एकच गलबला उडाला. हे पाणी बाहेर निसटलं तर जगातलं सगळं पाणी तसंच होईल, असा इशाराही छापून आला. पण ते मिळायचं थेंबाच्याही अंशाने, त्यामुळे त्याची नीट चिकित्सा करणं अवघड होतं. मग अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेतल्या डेनिस रूसो यांनी व्यायामानंतरचा स्वतःचा घाम गोळा केला आणि त्याचा अवरक्त वर्णपट, म्हणजे तो कुठला अवरक्त प्रकाश किती शोषतो याचा आलेख, काढला. तो पॉलिवॉटरच्या वर्णपटाशी मिळता-जुळता निघाला. नळीच्या काचेतून उतरलेले क्षार आणि हाताळणाऱ्यांच्या अंगचा मळ, एवढंच त्या नव्या पाण्याचं रहस्य होतं.

1973 मध्ये देर्यागिन यांनी स्वतःच ते छापून कबूल केलं. त्यांचं वजन मोठं होतं, आणखी काही वर्षं वाद ओढत राहणं त्यांना सहज शक्य होतं. त्यांनी तसं केलं नाही, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. बारीक नळी म्हणजे पाण्याच्या मानाने भिंतच भिंत, तेव्हा तिथे काचेचा कणभर अंशही भारी पडणार हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असेल? तरीही तो त्यांच्या नजरेतून निसटला.

असा मळ अजूनही नजरेतून निसटतो. पाण्याखालच्या पृष्ठभागाला चिकटलेले नॅनोमीटरमध्ये मोजण्याइतक्या उंचीचे हवेचे बुडबुडे 2000 च्या सुमारास सूक्ष्मदर्शकात दिसले आणि परिषदांमधून त्यांची जोरात चर्चा सुरू झाली. एवढासा बुडबुडा क्षणात विरून जायला हवा, हे तर दिवसच्या दिवस टिकत होते. 2014 मध्ये नेदरलँड्समधल्या एका गटाने दाखवलं की त्यांतले काही बुडबुडे नव्हतेच, ते सिलिकॉन तेलाचे थेंब होते. पाणी सोडायला वापरलेल्या, एकदा वापरून टाकायच्या सुयांना ते तेल लावलेलं असतं. खरे बुडबुडेही आहेत. त्यांची कड पृष्ठभागावरच्या बारीक खडबडीत जागी अडकून राहते म्हणून ते टिकतात, असं आता बहुतेक जण मानतात. पण कुठला बुडबुडा आणि कुठला थेंब, हे आधी वेगळं करावं लागतं. त्यासाठी हवा काढून टाकलेलं पाणी त्यावरून वाहवतात. बुडबुडा असेल तर विरतो, तेल असेल तर तसंच राहतं.

आजच्या कुंड्या पत्र्याच्या नसतात, टेफ्लॉनच्या असतात, आणि पट्ट्या मोटरवर सरकतात. नवा विद्यार्थी आला की त्याला पहिल्या दिवशी कुठलाही रेणू देत नाहीत. कुंडी द्रावकाने पुसायची, अतिशुद्ध पाण्याने भरायची, पट्ट्या एकमेकींजवळ आणायच्या आणि ताण किती उतरला हे दाखवणाऱ्या पडद्यावरच्या रेषेकडे पाहायचं. पाणी स्वच्छ असेल तर पट्ट्या कितीही जवळ आल्या तरी रेषा आडवीच राहते. जराशी वर चढली तर बारीक नळीने वरचा थर ओढून घ्यायचा आणि पुन्हा पट्ट्या सरकवायच्या. कधी कधी यातच दुपार होते.