व्हेन अ मॅन लव्ह्ज अ वूमन

अमेरिकी सोल संगीतातील (कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या भावप्रधान लोकप्रिय गायनप्रकारातील) प्रसिद्ध विलंबित प्रेमगीत. गायक पर्सी स्लेज (२५ नोव्हेंबर १९४० – १४ एप्रिल २०१५). १९६६ च्या प्रारंभी अलाबामा राज्यातील शेफील्ड येथे ध्वनिमुद्रित. प्रकाशक अटलांटिक रेकॉर्ड्‌स. त्याच वर्षी मे महिन्याच्या अखेरीस ते ‘बिलबोर्ड’ या अमेरिकी संगीतविषयक नियतकालिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या मुख्य यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले व दोन आठवडे तेथे राहिले. ऱ्हिदम अँड ब्लूजच्या यादीतही ते अग्रस्थानी होते.

कर्तृत्वाचा प्रश्न : ध्वनिमुद्रिकेवर गीतकार-संगीतकार म्हणून कॅल्व्हिन लुइस व अँड्र्यू राइट यांची नावे आहेत. हे दोघे ‘एस्क्वायर्स कॉम्बो’ या स्थानिक वाद्यवृंदात अनुक्रमे बास गिटार व ऑर्गन वाजवीत. स्लेज दिवसा रुग्णालयात परिचर म्हणून काम करी आणि शनिवार-रविवारी या वृंदाबरोबर गाई. पुढे मुलाखतींतून त्याने सांगितले, की चाल मुळात आपली होती, प्रेयसी सोडून गेल्याच्या दुःखातून ती सुचली आणि श्रेय आपण होऊन साथीदारांना दिले. प्रेयसी कोणत्या कारणाने गेली, चाल कार्यक्रमात आयत्या वेळी सुचली की लहानपणापासून ओठांवर होती, याविषयीचे तपशील मात्र कथनागणिक बदलतात. आधीचे शब्द सोडून गेलेल्या स्त्रीला उद्देशून होते व ध्वनिमुद्रणापूर्वी ते बदलले, एवढ्या मुद्द्यावर बहुतेक कथने जुळतात. कायदेशीर श्रेय निःसंशय लुइस-राइट यांचे आहे. तरीही गाण्याची घडण पाहता, वाद्यवृंदाने धरलेल्या स्वरसंघांच्या (कॉर्ड) क्रमावर गायकाने चाल रचत नेली आणि शब्द नंतर पक्के झाले, हे मत अधिक संभाव्य वाटते. सोलमध्ये अशा सामूहिक रचना पुष्कळ आहेत. एकाच नावाचा आग्रह हा हक्कनोंदणीच्या कागदाचा.

ध्वनिमुद्रण : ‘नोराला’ हा क्विन आयव्ही या रेडिओ निवेदकाचा छोटा स्टुडिओ. निर्मिती आयव्ही व मार्लिन ग्रीन यांची. स्पूनर ओल्डहॅम (फारफिसा ऑर्गन), ज्युनिअर लो (बास), रॉजर हॉकिन्स (ड्रम) व स्वतः ग्रीन (गिटार) हे वादक होते. शेजारच्या मसल शोल्समधील ‘फेम’ स्टुडिओच्या रिक हॉलने हे गाणे अटलांटिकच्या जेरी वेक्सलरच्या कानावर घातले. शेवटाकडे येणारी ब्रास (पितळी फुंकवाद्ये) बेसूर आहेत, अशी वेक्सलरची तक्रार होती. ती पुन्हा मुद्रित केली गेली, पण बाजारात चुकून जुनीच फीत गेली, असे संबंधितांच्या आठवणींत येते. ही हकिकत सर्वत्र उद्धृत होते, परंतु ती मुख्यतः तोंडी आठवणींवर उभी आहे. प्रकाशित मुद्रिकेत ब्रास किंचित ढळलेला आहे, हे मात्र कोणालाही ऐकून पडताळता येते.

रचना : मुद्रिका साधारण काळी एकमध्ये आहे. छापील स्वरलेखनांत सोयीसाठी ती पांढरी एकमध्येही आढळते. गाण्याचा कणा म्हणजे षड्जापासून पायरीपायरीने उतरणारी बासची ओळ : सा, नि, ध, प, म, मग पुन्हा प आणि सा. वरचे स्वरसंघ या ओळीवर बसवलेले आहेत. ‘नि’वर पंचमाचा स्वरसंघ उलटा मांडून येतो. ‘प’वर काही वादक षड्जाचा स्वरसंघ घेतात, तर काही ‘ध’वरचा मायनर स्वरसंघच पुढे चालू ठेवतात. दुसऱ्या पर्यायाने उतार अधिक सलग वाटतो. सामान्य चूक म्हणजे प्रत्येक स्वरसंघ मूळ मांडणीत, म्हणजे त्याचा मूळ स्वर तळाशी ठेवून वाजवणे. असे केल्यास बास उड्या मारतो, उतार नाहीसा होतो आणि गाणे लगेच सपाट पडते. चर्चमधील स्तोत्रसंगीतात अशी उतरती ओळ जुनी आहे.

लय बारा अंशांची आहे : चार ठोके, प्रत्येकाचे तीन भाग. दादऱ्याची दोन आवर्तने लावली तर हिशेब जुळतो, वजन जुळत नाही. स्नेअरचा (ड्रमसंचातील खणखणीत ढोलाचा) आघात चौथ्या व दहाव्या अंशावर पडतो, म्हणजे दोन्ही आवर्तनांत नेमका खालीवर. तबलजी सवयीने जिथे हात हलका करतो, तिथेच येथे वजन हवे. लय संथ असल्याने दोन आघातांमधील रिकामी जागा भरण्याचा मोह होतो; हॉकिन्स ती भरत नाही.

गाण्याला ध्रुवपद नाही. शीर्षकाची ओळ कडव्याच्या आरंभी येते. मधला भाग मध्यमाच्या स्वरसंघावर उघडतो आणि त्याच ठिकाणी शब्द ‘कुणी एक पुरुष’ सोडून ‘मी’वर येतात. तोवर सर्वसाधारण विधान वाटणारे गाणे येथे कबुलीजबाब होते.

गायनशैली : स्लेजचा आवाज उंच पट्टीचा, किंचित नाकातला. वरच्या स्वरांवर तो खोट्या आवाजात (फॉल्सेटो) निसटत नाही, छातीचा आवाजच ताणून वर नेतो. आवाज फाटेल की काय असे वाटते, पण फाटत नाही. या गाण्याचा परिणाम त्या सीमेवर आहे. शीर्षकातील ‘मॅन’ हा शब्द तो लांबवतो, आणि ताण व्यंजनावर न टाकता उघड्या स्वरावर ठेवतो. स्वराला बहुधा खालून लहानशा मींडेने भिडतो, तो सरळ धरतो, कंप असलाच तर शेवटी. हरकती थोड्या आणि ओळीच्या अखेरीस. गॉस्पेल (चर्चमधील भक्तिगीत) परंपरेतल्या गायकाच्या मानाने हा संयम लक्षणीय आहे. त्यात ग्रामीण कंट्री गायनाचा अंश मानणारे अभ्यासक आहेत, व मसल शोल्स परिसरातील कृष्णवर्णीय-श्वेतवर्णीय वादकांची एकत्र बैठक पाहता ते पटण्यासारखे आहे.

अनुकरण करणाऱ्यांची फसगत बहुधा पहिल्याच कडव्यात होते. सुरुवात पूर्ण जोराने केली की मधल्या भागासाठी आवाज शिल्लक राहत नाही. लांब स्वरावर श्वास कमी पडला की सूर उतरतो, आणि तो झाकायला मुरक्या घातल्या जातात. श्वास शीर्षकाच्या ओळीआधी पोटातून भरून घ्यावा लागतो. ओळीच्या मध्यात तोडल्यास वाक्याचा अर्थच तुटतो.

उत्तरकाल : ब्रिटनमध्ये गाणे १९६६ मध्ये चौथ्या, तर जीन्सच्या जाहिरातीमुळे १९८७ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर गेले. १९९१ मध्ये मायकेल बोल्टनची आवृत्ती अमेरिकेत अग्रस्थानी आली व तिला ग्रॅमी मिळाले. तीत आवाजाचे आकारमान मोठे, जोखीम कमी. स्लेजच्या इतर गाण्यांपैकी ‘टेक टाइम टू नो हर’ (१९६८) अमेरिकेत अकराव्या क्रमांकापर्यंत पोहोचले. २००५ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश झाला.