ग्लॅम मेटलचा गिटार टोन: रॉकमन आणि त्यानंतरचे दुर्लक्षित अल्बम

ग्लॅम मेटल म्हणजे १९८० च्या दशकातला भडक वेशभूषेचा, सहज गुणगुणता येणारा हेवी रॉक. त्याची टिंगल करणाऱ्यांच्या कानात गिटारचा एक ठरावीक आवाज बसलेला असतो. चकचकीत, पातळ, कोरस (एकच गिटार अनेकांनी मिळून वाजवल्यासारखी भासवणारा इफेक्ट) आणि एकोमध्ये भिजलेला, कोणत्याही बँडचा लावला तरी जवळपास तोच. पण हा आवाज या संगीतासोबत जन्मला नव्हता. तो मुख्यतः १९८७ नंतर पसरला आणि त्याच्या मुळाशी स्टुडिओत घेतलेला एक निर्णय आहे. पुढच्या पाच-सहा वर्षांत काही अल्बमांनी या आवाजाकडे पाठ फिरवली, नेमके तेच मागे पडले. त्यांच्याबद्दल आज पुन्हा बोललं जातं आहे, म्हणून ही उजळणी.

सुरुवातीचा साचा सगळ्यांना ठाऊक आहे. १९७८ च्या व्हॅन हेलनच्या पहिल्या अल्बममध्ये गिटार एका स्पीकरमध्ये आणि तिचा रिव्हर्ब, म्हणजे घुमणारा प्रतिध्वनी, दुसऱ्यात आहे. सोलो सुरू झाला की खाली बहुतेक वेळा फक्त बेस आणि ड्रम्स उरतात. शंभर वॉटचा मार्शल अँप (गिटारचा आवाज मोठा करणारं यंत्र) पूर्ण उघडून वाजवायचा आणि जे होईल ते टेपवर घ्यायचं. लॉस एंजेलिसच्या सनसेट स्ट्रिपवरच्या पुढच्या पिढीने हेच उचललं, त्यात फ्लॉइड रोझ ब्रिज (दांड्याने, म्हणजे व्हॅमी बारने, स्वर वर-खाली करता येणारा) आणि एकच हंबकर (तारांची कंपनं टिपणारा दुहेरी पिकअप) बसवलेल्या गिटारींची भर घातली. १९८४-८५ पर्यंतचे रॅट आणि डॉकेन ऐकले तर दोन्हींचे गिटारवादक डोळे मिटून वेगळे ओळखता येतात.

मग १९८७ च्या ऑगस्टमध्ये डेफ लेपर्डचा ‘हिस्टेरिया’ आला. हा बँड इंग्लंडमधल्या शेफील्डचा. अल्बमचं काम १९८४ पासून रखडत चाललं होतं. मधल्या काळात ड्रमरने अपघातात हात गमावला, निर्माता बदलून पुन्हा पहिलाच आला. या अल्बमवरच्या गिटारी मोठ्या अँपमधून न घेता रॉकमन नावाच्या एका डबीतून घेतल्या गेल्या. रॉकमन १९८२ मध्ये बाजारात आला होता. वॉकमनच्या आकाराचा, बॅटरीवर चालणारा, हेडफोन लावून घरी सराव करण्यासाठी बनवलेला. बनवणारा स्वतः एका गाजलेल्या अमेरिकन बँडचा गिटारवादक आणि शिक्षणाने मेकॅनिकल इंजिनिअर. डिस्टॉर्शन (आवाज फाटका करणं), कॉम्प्रेशन (लहान-मोठा आवाज एकसारखा करणं), कोरस, एको हे सगळं आतच ठरवून दिलेलं, वाजवणाऱ्याच्या हाती दोन-तीन खटके. ज्यांच्याकडे खोलीभर मार्शल ठेवण्याचे पैसे होते त्यांनी हे का केलं, यावर गिटारवाले आजही हमरीतुमरीवर येतात.

निर्मात्याच्या बाजूचं उत्तर असं, की त्या अल्बमवर गायकांचेच इतके थर होते की भरदार गिटारला जागाच उरली नव्हती. मोठ्या अँपचा आवाज खालपासून वरपर्यंत सगळा पट्टा व्यापतो. तसे आठ-दहा ट्रॅक एकावर एक ठेवले की नुसता चिखल होतो. रॉकमनचा आवाज मुळातच छाटलेला, मधल्या पट्ट्यात दाबून बसवलेला, त्यामुळे त्याचे कितीही थर रचता येतात. दुसरी अडचण डिस्टॉर्शनच्या स्वभावातली आहे. दोन स्वर एकत्र डिस्टॉर्शनमधून गेले की त्यांच्या कंपनसंख्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे नवे स्वर तयार होतात. षड्ज-पंचमाची जोडी असेल तर हे जादा स्वर त्यांच्याशी जुळतात आणि भरीव ऐकू येतात. त्यात गंधार मिसळला की खरखर सुरू होते. म्हणूनच मेटलमध्ये गंधार गाळलेला पॉवर कॉर्ड चालतो. ‘हिस्टेरिया’च्या निर्मात्याला मात्र पूर्ण कॉर्ड नितळ हवा होता. उपाय म्हणून काही कॉर्ड एकेक तार वेगवेगळी वाजवून रेकॉर्ड केले गेले आणि मिक्सिंगमध्ये जोडले गेले. एकाही तारेचं दुसरीशी भांडण नाही, आणि एकाच माणसाने एका क्षणी वाजवलेला असा तो कॉर्डही नाही.

तंत्र म्हणून हे अफाट आहे, हे मान्य करायलाच हवं. अल्बम जगभरात कोटींच्या घरात विकला गेला, तेव्हा बाजारानेही कौल दिला. पण परिणाम काय झाला तेही पाहायला हवं. योगायोगाने त्याच वर्षी एडीए एमपी-वन हा मिडीवर (उपकरणांमधल्या डिजिटल संदेशांवर) चालणारा प्रीअँप, म्हणजे अँपच्या आधी टोन घडवणारं यंत्र, आला आणि तयार टोन बटणावर मिळू लागले. दशकाच्या शेवटी दुसऱ्या-तिसऱ्या फळीच्या बँडांकडून तोच गुळगुळीतपणा मागितला जाऊ लागला. त्यांच्याकडे ना तेवढा वेळ होता, ना तो निर्माता. हाती आली ती नक्कल. टवाळी होते ती या नकलेची.

याच्या उलट टोक म्हणजे १९८९ चा बॅडलँड्सचा पहिला अल्बम. त्याचा गिटारवादक एका बड्या हेवी मेटल गायकाच्या बँडमधून १९८७ मध्ये बाहेर पडला होता. त्या काळी व्हॅमी बार नसलेली गिटार घेऊन या वर्तुळात उभं राहणं म्हणजे विक्षिप्तपणाच. हा माणूस साधा पक्का ब्रिज वापरायचा. बारसारखा परिणाम हवा असेल तेव्हा तो नटच्या (तारा जिच्यावर टेकतात त्या वरच्या टोकाच्या पट्टीच्या) पलीकडे, खुंट्यांच्या बाजूला तार बोटाने दाबायचा. तार ताणली जाते, स्वर वर चढतो, बोट सोडलं की परत जागेवर येतो. फ्लॉइड रोझ बसवलेल्या गिटारवर हे जमतच नाही, कारण तिथे नट तार आवळून धरतो. त्यातल्या ‘हाय वायर’ गाण्याचा रिफ (पुन्हा पुन्हा येणारी गिटारची धून) ऐकताना अँप जेमतेम तापलेला वाटतो. पिक हलका मारला की आवाज निवळतो, जोरात मारला की फाटतो, आणि रॉकमनमध्ये नेमकं हेच हरवलेलं असतं. मधेच ‘जेड्स साँग’ हा छोटा अकूस्टिक तुकडा येतो. गायक १९९३ मध्ये वारला, बँड त्याआधीच विस्कटला होता. बॅडलँड्सचे अल्बम पुढे कित्येक वर्षं दुकानांत मिळत नसत.

व्हाइट लायन या बँडच्या गिटारवादकाचं नाव टॅपिंगसाठी (दोन्ही हातांच्या बोटांनी तारा ठोकून वाजवण्यासाठी) घेतलं जातं, आणि ‘प्राइड’ (१९८७) सर्वांनी ऐकलेला असतो. १९९१ चा ‘मेन अ‍ॅट्रॅक्शन’ फार थोड्यांनी. त्यात ‘ब्लू मंडे’ नावाचा एक संथ ब्लूज आहे, शब्दांशिवायचा. ऑगस्ट १९९० मध्ये हेलिकॉप्टर अपघातात गेलेल्या टेक्ससच्या ब्लूज गिटारवादकाला तो वाहिलेला आहे. एरवी दोन्ही हातांनी पट्टीवर धावणारा हा वादक इथे एकेका स्वराला थांबू देतो. माझ्या मते या सगळ्या पंथातलं सर्वांत संयमी वादन ते हेच. बँड त्याच वर्षी संपला आणि वादकाने त्यानंतर मंचाकडे जवळजवळ पाठच फिरवली.

वॉरंटच्या ‘डॉग ईट डॉग’चं (१९९२) नावही याच ओघात घेतात. तो आधीच्यांपेक्षा जड आहे, पण टोनच्या दृष्टीने माझ्या लेखी दुय्यम.

विंगरच्या ‘पुल’ची (१९९३) गोष्ट अधिक बोलकी. कीबोर्ड आणि दुसरी गिटार सांभाळणारा सदस्य गेला होता, त्यामुळे उरलेल्या गिटारवादकाने सगळ्या गिटारी एकट्याने वाजवल्या. आणि सहनिर्माता कोण, तर ‘हिस्टेरिया’च्या मिक्सिंगला बसलेलाच तंत्रज्ञ. ज्याने थर रचले त्यानेच इथे ते उतरवले. ‘ब्लाइंड रिव्होल्यूशन मॅड’ अकूस्टिकवर सुरू होतं, मग रिफ आदळतो तो कोरडा, जवळून, कीबोर्डच्या पडद्याशिवाय. पण त्याच वर्षी एमटीव्हीवरच्या एका कार्टूनमधलं बावळट पात्र विंगरचा टी-शर्ट घालून फिरू लागलं आणि अल्बम ऐकण्याआधीच लोकांनी निकाल लावून टाकला.

हे सगळं ग्रंजने (१९९०च्या सुरुवातीला सिॲटलहून आलेल्या खरबरीत रॉकने) एका रात्रीत संपवलं, असं सरसकट सांगितलं जातं. तारखा इतक्या सरळ नाहीत. मे १९९१ मध्ये अमेरिकेची मुख्य विक्री-यादी दुकानदारांना विचारून करण्याऐवजी बारकोडवरून मोजली जाऊ लागली, आणि पुढच्याच महिन्यात स्किड रोचा ‘स्लेव्ह टू द ग्राइंड’ थेट पहिल्या क्रमांकावर उतरला. जड, रॉकमनपासून दूर गेलेल्या गिटारला गिऱ्हाईक होतं. ओसरला तो आधी गुळगुळीतपणाचा बाजार. बाकीचे त्याच्यासोबत वाहून गेले. आपल्याकडे तर स्टार टीव्हीवरून एमटीव्ही दिसू लागला तोच १९९१ नंतर, म्हणजे वरात निघून गेल्यावर.

२००० नंतर जुने अल्बम पुन्हा निघू लागले, गाण्यांतून वेगळे काढलेले गिटार ट्रॅक इंटरनेटवर आले आणि कोणी काय वाजवलं होतं हे उघडं पडलं. डिजिटल मॉडेलरमध्ये (अँपचा आवाज संगणकीय पद्धतीने उभा करणाऱ्या यंत्रांमध्ये) त्या काळच्या अँपच्या नकला आल्या. विंगर २००६ मध्ये नव्या अल्बमसह परतला. रॉकमनही परत आला आहे: २०२४ मध्ये त्याच्या एक्स-शंभर या मॉडेलचा आवाज पेडलच्या रूपात बाजारात आला, आणि ज्या आवाजाला गिटारवाले वर्षानुवर्षं नावं ठेवत होते तो आता पायाखाली ठेवून वाजवला जातो आहे.