डावा हात जपून आणा

तोंडाच्या कॅन्सरनंतर फ्लॅपच्या शस्त्रक्रियेसाठी येणारे रुग्ण आणि त्यांच्या घरच्यांसाठी

आमच्या क्लिनिकमध्ये आम्ही तोंड बघायच्या आधी हात बघतो. बाह्या वर करा म्हटलं की नातेवाईक एकमेकांकडे बघतात. ‘डॉक्टर, गाठ गालात आहे,’ असं कुणीतरी हळूच सांगतं. आम्हाला ते माहीत असतं, पण तरीही हातच आधी बघायचा असतो. का, ते इथे सविस्तर लिहिलं आहे. घरातल्या सगळ्यांनी वाचावं, विशेषतः रुग्णाबरोबर तपासण्यांना जाणाऱ्याने.

कॅन्सरचे सर्जन गाठ काढताना तिच्याभोवतीचा चांगला दिसणारा भागही थोड्या अंतरापर्यंत काढतात. त्यात गालाचं अस्तर जातं, जिभेचा भाग जातो, कधी जबड्याचं हाडही जातं. एवढी मोठी जागा नुसती ओढून शिवली तर तोंड नीट उघडत नाही, जीभ वळत नाही, लाळ गळत राहते. म्हणून शरीराच्या दुसऱ्या भागातला तुकडा त्याच्या धमनी-शिरेसकट काढून तिथे बसवायचा आणि मायक्रोस्कोपखाली त्या वाहिन्या मानेतल्या वाहिन्यांना जोडायच्या, हे आमचं काम. या तुकड्यालाच फ्लॅप म्हणतात. वाहिनी साधारण दोन-तीन मिलिमीटर रुंद असते आणि टाक्याचा दोरा केसाहून बारीक. जबड्यासाठी पायातलं फिब्युला हे हाड घेतो. शरीराचं वजन मुख्यतः त्याच्या शेजारच्या जाड हाडावर असतं, त्यामुळे रुग्ण पुढे चालतो-फिरतो. मोठ्या, जाड जागेसाठी मांडीचा फ्लॅप. आणि जीभ किंवा गालाच्या आतल्या बाजूसाठी मनगटाच्या वरची, हाताच्या आतल्या बाजूची कातडी. ती पातळ असते, मऊ असते आणि तोंडात हवी तशी घडी घेते.

हा तुकडा शक्यतो कमी वापराच्या हातातून घेतात, म्हणजे बहुतेकांच्या डाव्या. (तुम्ही डावखुरे असाल तर पहिल्याच भेटीत सांगा.) नेमकी इथेच अडचण होते. दवाखान्यात सलाईन लावताना सिस्टर विचारतात, ‘जेवता कुठल्या हाताने?’ आणि सुई डाव्या हाताला लावतात. त्यांचं काहीच चुकत नाही. रुग्णाचा उजवा हात मोकळा राहावा म्हणून त्या डावा निवडतात आणि त्याच कारणासाठी आम्हालाही डावाच हवा असतो.

मागे रत्नागिरीकडच्या एक आजी आल्या होत्या, वर्षानुवर्षं मशेरी लावणाऱ्या. शस्त्रक्रियेची तारीख ठरलेली. जेवण कमी झालं, अशक्तपणा आला म्हणून मुलाने गावात तीन दिवस सलाईन लावून आणलं होतं, ‘आईला जरा ताकद यावी’ म्हणून. डाव्या हातात अंगठ्याच्या बाजूने वर जाणारी शीर आम्ही बोटाने चाचपली, तर ती सुतळीसारखी कडक लागली. आत रक्त गोठलं होतं. उजव्या हाताची तपासणी केली. दोन्ही धमन्या दाबून मूठ आवळायला लावली, मग मूठ उघडून करंगळीकडची धमनी सोडली. पाच-सात सेकंदांत तळवा गुलाबी व्हायला हवा होता, पण तो पांढराच राहिला. म्हणजे अंगठ्याकडची धमनी काढली तर त्या हाताला रक्त पुरलं नसतं. शेवटी मांडीचा फ्लॅप घेतला. तो छान जगला, पण गालात जाड झाला आणि पुढे तो पातळ करायला आजींना पुन्हा टेबलावर घ्यावं लागलं. मुलाने आईसाठी चांगलंच केलं होतं. त्याला आधी कुणी सांगितलं नव्हतं, याचं आम्हाला आजही वाईट वाटतं.

म्हणून कॅन्सरचं निदान झाल्या दिवसापासून डाव्या हाताला सुई नको. रक्त तपासणी, सीटी स्कॅनचं इंजेक्शन, केमो, सलाईन, सगळ्यांसाठी उजवा हात पुढे करा. हृदयाची अँजिओग्राफी डाव्या मनगटातून झाली असेल किंवा व्हायची असेल तर आम्हाला नक्की कळवा, कारण तीच धमनी आम्हाला लागते. जिवावर बेतलं असेल तर अर्थातच डॉक्टर म्हणतील त्या हाताला सुई लावू द्या, वाद घालू नका.

सांगूनही लॅबमध्ये विसरायला होतं. त्यासाठी आम्ही कापडी पिवळी पट्टी देतो, तिच्यावर मोठ्या अक्षरांत ‘या हाताला सुई नको’ लिहिलेलं असतं. पैसे नाहीत. शस्त्रक्रिया दुसरीकडे करायची ठरली असली तरी पट्टी घेऊन जा.

‘हात विद्रूप होईल का?’ हेही सगळे विचारतात. मनगटावर खोलगट डाग राहतो, तिथे मांडीची पातळ कातडी लावतो, काही दिवस हात पट्टीत ठेवतो. अंगठ्याच्या मागे थोडी बधिरता राहू शकते. पकड बहुतेकांची पूर्ववत होते. भाकऱ्या थापणाऱ्या, रिक्षा चालवणाऱ्या माणसांचीही झालेली आम्ही पाहिली आहे.

‘छातीचा फ्लॅप लवकर होतो, मग हे आठ-दहा तास कशाला?’ प्रश्न रास्त आहे. छातीचा स्नायू वापरायची पद्धत 1979 पासून आहे, भरवशाची आहे, आणि रुग्ण अशक्त असेल तर आम्ही स्वतः तीच सुचवतो. पण जीभ हलावी, बोलणं समजावं असं वाटत असेल तर पातळ फ्लॅपला तोड नाही. आमच्या बिलात रात्रीच्या डॉक्टरांचा खर्च असतो, त्यावरून काही वेळा नाराजी होते. पहिले दोन दिवस दर तासाला फ्लॅपचा रंग आणि ऊब बघावी लागते. फ्लॅप निळसर पडला तर शिरेत, पांढरा पडला तर धमनीत अडथळा. तासाभरात लक्षात आलं तर पुन्हा उघडून वाचवता येतो, सकाळपर्यंत थांबलं तर बहुधा नाही. या खर्चात आम्ही काटछाट करत नाही. महात्मा जोतिराव फुले योजनेत बसतं का, हे भरती होण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्रांना विचारा.

तंबाखू, मशेरी, विडी आजच बंद. निकोटिनने वाहिन्या आवळतात. आणि शस्त्रक्रियेनंतर गळ्याभोवती रुमाल, मफलर, श्वासाच्या नळीची नाडी काहीही करकचून बांधू नका. जोडलेल्या वाहिन्या तिथूनच जातात.

पहिल्या भेटीला बायोप्सीचा रिपोर्ट, स्कॅनची फिल्म किंवा सीडी आणि चालू औषधांची पाकिटं आणा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती स्वतःहून बंद करू नका, आम्ही तुमच्या हृदयाच्या डॉक्टरांशी बोलू. परेलला तपासणीसाठी आलाच असाल तर त्याच दिवशी दुपारी हात दाखवून जा. नुसता हात तपासायला दहा मिनिटं लागतात आणि त्याची फी आम्ही घेत नाही. दादरच्या धर्मशाळेत उतरलेल्यांना आम्ही लवकर सोडतो, फक्त आल्या आल्या काउंटरवर तसं सांगा.