गलगंड

गलगंड म्हणजे गळ्याच्या पुढच्या बाजूची थायरॉइड ग्रंथी सुजून वाढणं, एवढाच त्याचा अर्थ. हे नाव सुजेचं आहे, कारणाचं नाही. ग्रंथीचं काम कमी पडत असेल, जास्त होत असेल किंवा अगदी व्यवस्थित चालू असेल, तिन्ही वेळा गलगंड असू शकतो. आमच्याकडे गोव्यात काय सगळीकडेच "मला थायरॉइड आहे" म्हणतात, म्हणजे अवयवालाच आजार करून टाकलाय, तो तर सगळ्यांनाच असतो!

शब्द सरळ संस्कृत. गल म्हणजे गळा आणि गंड म्हणजे फुगवटा, गाठ. हत्तीच्या गंडस्थळातला आणि न्यूनगंडातला गंड तोच. सुश्रुतसंहितेत निदानस्थानाच्या ११व्या अध्यायात गलगंड येतो, तिथे वर्णन असं की अंडकोशासारखी गळ्याला लोंबणारी सूज, मग ती मोठी असो की लहान. उपमा जरा ओशाळवाणी आहे खरी, पण जुना मोठा गलगंड ज्यानं बघितलाय त्याला लगेच पटेल. गंडमाळा मात्र वेगळी, ती मानेतल्या गाठींची माळ, बऱ्याचदा क्षयाची, आणि लोक या दोन शब्दांची सरमिसळ करतात. लॅटिनमध्येही हाच घोळ झालाय, स्ट्रुमा हा शब्द आधी गंडमाळेसारख्या गाठींचा होता, नंतर तो गलगंडाला चिकटला. इंग्रजीतला गॉयटर फ्रेंचमधून आलाय आणि मागे गेलं तर लॅटिन गुटुर, म्हणजे पुन्हा गळाच. पोर्तुगीजमध्ये डॉक्टरी शब्द बोसियू, साध्या बोलण्यात पापो, म्हणजे पक्ष्याच्या गळ्यातली दाण्याची पिशवी.

थायरॉइड हे नाव ग्रीक ढालीवरून पडलं, थॉमस व्हॉर्टन यांनी १६५६ मध्ये ग्रंथीला ते दिलं. मराठी पुस्तकांत तिला अवटु ग्रंथी म्हणतात, आणि गंमत म्हणजे अमरकोशात अवटु म्हणजे मानेची मागची बाजू, आणि ग्रंथी आहे पुढे! हा शब्द बोलण्यात कधी रुळला नाही ते बरंच झालं.

सूज येते कशी तर थायरॉइडला हार्मोन बनवायला आयोडीन लागतं, मोठ्या माणसाला दिवसाला साधारण १५० मायक्रोग्रॅम. ते कमी पडलं की हार्मोन कमी होतं, मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन, वाढवून तिला हाकत राहते आणि थायरॉइड फुगत जाते. पण हे एकच कारण नाही, हाशिमोटो आणि ग्रेव्ह्ज हे शरीराची प्रतिकारशक्ती थायरॉइडवरच उलटण्याचे आजार आहेत, साध्या गाठीही असतात, कधी कॅन्सरही निघतो. म्हणून तपासणी लागतेच. पाणी गिळताना गाठ वर सरकली तर ती बहुतेक थायरॉइडची, डॉक्टर गिळायला सांगतात ते यासाठी.

आयोडीनच्या कमतरतेचा गलगंड म्हटला की हिमालयाचा पायथा आठवतो. भारत सरकारचा गलगंड नियंत्रण कार्यक्रम १९६२ मध्ये सुरू झाला, १९९२ मध्ये त्याचं नाव बदललं कारण कमतरतेनं नुसता गळा सुजत नाही, पोटातल्या बाळाच्या मेंदूवरही परिणाम होतो.

आता गोव्यात एक समज पक्का आहे की आम्ही समुद्राकाठचे, आमच्या आगरातलं मीठ समुद्राचं, मग आयोडीनची चिंता कशाला. यातलं अर्धं बरोबर. समुद्राच्या मासळीत आयोडीन चांगलं असतं, पण मिठागरातल्या साध्या जाड्या मिठात ते नगण्यच, पाणी आटून मीठ तयार होईपर्यंत फारसं उरत नाही. पुरुमेंताला, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीला, घेतलेलं ते मीठ तोरांच्या (कैऱ्यांच्या) लोणच्याला, सुक्या मासळीला उत्तमच, त्याची चव पिशवीतल्या मिठाला नाही हे मीही मान्य करतो, पण रोजच्या हुमणात (मासळीच्या आमटीत), भाजीत आयोडीनवालं मीठ घालावं, आणि जे मासळी खात नाहीत त्यांनी तर नक्कीच.