शुकेत

फ्रान्समधली छोटी, गोल, आतून पोकळ पेस्ट्री, वर साखरेचे पांढरे खडे लावलेली. आत क्रीम वगैरे काही भरत नाहीत, एक्लेअर आणि प्रॉफिटरोलपासून ती वेगळी पडते ती इथेच. तिकडच्या बेकऱ्यांमध्ये डझनावर नाहीतर वजनावर, कागदी पिशवीत मिळते आणि दुपारी चारच्या खाण्याला पोरं आवडीने खातात. फ्रेंचमध्ये शू म्हणजे कोबी, शुकेत म्हणजे छोटासा कोबी, भाजल्यावर वर ज्या भेगा पडतात त्यावरून हे नाव पटतं. काहीजण मूळ शब्द 'पात आ शो' म्हणजे गरम पीठ असा सांगतात, पण आकारावरून पडलेलं नाव जास्त सरळ वाटतं.

उगमाची एक गोष्ट सगळीकडे सांगतात: १५३३ मध्ये फ्लोरेन्सची कॅथरीन द मेदिची (पुढे फ्रान्सची राणी) लग्न होऊन फ्रान्सला आली, तिच्यासोबत आलेल्या पांतेरेल्ली नावाच्या आचाऱ्याने १५४० च्या सुमारास शुकेतचं हे पीठ शोधलं, मग पोपेलिनी नावाच्या दुसऱ्याने ते सुधारलं. गोष्ट छान आहे, पण त्या काळातला भक्कम पुरावा मिळत नाही, शिवाय लग्नाच्या वेळी कॅथरीन चौदा वर्षांची होती, आणि तिच्या इटालियन आचाऱ्यांनी फ्रेंच स्वयंपाक बदलला हा समज मुख्यतः अठराव्या शतकापासून पसरला असं आजचे बरेच खाद्य-इतिहासकार मानतात. पुपलँ नावाचा केक सतराव्या शतकातल्या फ्रेंच पाककृतींमध्ये आहेच, त्यामुळे पोपेलिनी हे नाव त्या केकवरून मागाहून तयार झालं असावं. एका माणसाच्या शोधापेक्षा हळूहळू झालेला बदल जास्त संभवतो. आजचं रूप बहुधा नामवंत फ्रेंच आचारी आँतोनँ कारेम (मृत्यू १८३३) यांच्या काळात पक्कं झालं.

पीठ करायची पद्धत मोदकाची उकड काढतो तशीच. पाणी, लोणी आणि चिमूटभर मीठ उकळायचं, मैदा एकदम घालून जोरात घोटायचं, गोळा पातेलं सोडायला लागला आणि तळाला पातळ पापुद्रा धरला की उतरवायचं. ही पायरी घाईत उरकली तर पुढचं सगळं बिघडतं, कारण गोळ्यातलं जास्तीचं पाणी इथेच उडतं आणि मग तो अंडी नीट पितो. पाव लिटर पाण्याला साधारण १०० ग्रॅम लोणी, १५० ग्रॅम मैदा, ४ अंडी, आणि अंडी एकेक करूनच घालायची. यीस्ट नाही, सोडा नाही, फुगवते ती फक्त आतली वाफ, पुरी फुगते तशी, फक्त इथे अंड्यामुळे कवच तसंच कडक राहतं. मधेच ओव्हन उघडला की कवच पक्कं व्हायच्या आत वाफ बसते आणि शुकेत चपटी होते.

वरची साखर म्हणजे साधी पिठीसाखर नव्हे, दाबून केलेले टणक खडे असतात, ते १८०-१९० अंशांच्या ओव्हनमध्ये सहसा वितळत नाहीत, म्हणून खाताना कुरकुरतात. चीज घातलेली, फ्रान्सच्या बर्गंडी भागातली गुझेर ही हिचीच खारी बहीण.