चामडं हलाल असतं का? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

परदेशातून कुणी आणलेलं पाकीट, ऑनलाइन मागवलेला पट्टा, ऑफिसचे बूट. जनावर कुठल्या देशात, कुणी, कसं कापलं याचा काही पत्ता नाही. मग ते अंगावर ठेवून नमाज पढता येईल का? मुफ्तींकडे, म्हणजे धर्मनिर्णय देणाऱ्या विद्वानांकडे, हा प्रश्न सतत येतो. विचारणाऱ्याच्या मनात बहुधा सरळ गणित असतं: मांस हलाल नसेल तर कातडंही चालणार नाही. इस्लामी धर्मशास्त्राला मात्र हे गणित पहिल्या पिढीपासूनच मान्य नाही. खाण्याचा नियम वेगळा, वापरण्याचा वेगळा, हे सातव्या शतकातच सांगून झालं. दोन्हींमधली रेघ नेमकी कुठून जाते, यावर मात्र पुढं भरपूर भांडणं झाली.

त्या काळच्या अरबस्तानात चामड्यावाचून संसार शक्य नव्हता. पाणी आणि तूप कातडी पिशव्यांत राहायचं. तंबू, खोगीर, ढाल, पादत्राणं सगळं चामड्याचं. पैगंबरांची गादीही चामड्याची होती आणि आत खजुराच्या झाडाचे तंतू भरलेले होते, असं त्यांच्या पत्नी आयेशा सांगतात. मक्केच्या कुरैश टोळीचा हा व्यापारही होता. छळाला कंटाळून मुसलमानांची एक तुकडी हबशांच्या देशात, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या बाजूला, आश्रयाला गेली. त्यांना परत मागायला कुरैशांनी दूत धाडले, ते तिथल्या राजासाठी नजराणा म्हणून चामडंच घेऊन गेले. मक्केच्या मालात त्याला तेच सगळ्यात जास्त आवडायचं, अशी नोंद इब्न इसहाकनं लिहिलेल्या पैगंबरांच्या चरित्रात आहे. मक्केजवळचं ताइफ हे गाव कातडी कमावण्यासाठीच, म्हणजे कच्च्या कातड्याचं न सडणारं चामडं करण्यासाठीच, नावाजलेलं होतं. पैगंबरांच्या पत्नी जैनब बिन्त जहश स्वतः कातडी कमावून शिवत आणि त्यातून मिळेल ते दान करत.

कुरआनच्या सोळाव्या सूरहमध्ये (अध्यायात), नह्लमध्ये, दोन्ही गोष्टी एकत्र सापडतात. ८०व्या आयतीत जनावरांच्या कातड्याचे हलके तंबू ही देणगी म्हणून सांगितली आहे. पुढं ११५व्या आयतीत मुरदार, रक्त, डुकराचं मांस आणि अल्लाहखेरीज दुसऱ्याच्या नावानं कापलेलं जनावर निषिद्ध ठरवलं आहे. मुरदार म्हणजे रीतीप्रमाणे जबह न झालेलं, म्हणजे गळा कापून न मारलेलं: आजारानं मेलेलं, गळा आवळून मेलेलं, उंचावरून पडलेलं, दुसऱ्या जनावरानं शिंगानं मारलेलं. चुकीच्या रीतीनं कापलेलं जनावरही शास्त्राच्या हिशेबात याच खात्यात जातं. म्हणजे आज परक्या देशातल्या कत्तलखान्यातून आलेल्या बुटाचा प्रश्न हा मूळचा मुरदाराच्या कातड्याचा प्रश्न आहे.

त्याचं उत्तर एका मेलेल्या शेळी-मेंढीच्या निमित्तानं आलं. पैगंबर-पत्नी मैमूना यांच्या मुक्त केलेल्या दासीला ती दानात मिळाली होती. ती मरून पडलेली पाहून पैगंबर म्हणाले, हिचं कातडं काढून, कमावून वापरलं का नाही? लोक म्हणाले, ती तर मुरदार आहे. त्यावर उत्तर मिळालं की निषिद्ध आहे ते तिला खाणं. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ही हदीस, म्हणजे पैगंबरांच्या बोलण्या-वागण्याची नोंद, आहे. ती सांगणारे इब्न अब्बास हे मैमूनांच्या बहिणीचे मुलगे. मावशीच्या घरची गोष्ट. दुसऱ्या एका पत्नी सौदा यांची आठवण याहून घरगुती आहे. आमची एक शेळी मेली, तिचं कातडं आम्ही कमावलं आणि ते जुनं होऊन विरेपर्यंत त्यात खजूर भिजवून सरबत करत राहिलो, असं त्या सांगतात. म्हणजे हे कातडं नुसतं पायात घातलेलं नाही. त्यात प्यायची वस्तू ठेवलेली आहे.

मला स्वतःला सगळ्यात बोलकी वाटते ती मुस्लिमच्या संग्रहातली आणखी एक हदीस. इस्लामी सत्ता उत्तर आफ्रिकेत पोचली होती. तिथून आलेल्या एका माणसाच्या अंगावर केसाळ कातड्याचा अंगरखा पाहून कुणीतरी तो हातानं चाचपला. त्यावर तो सांगू लागला, की याबद्दल मी इब्न अब्बासांना विचारून घेतलं आहे. आम्ही बर्बर आणि अग्निपूजकांच्या शेजारी राहतो, त्यांनी कापलेला मेंढा आम्ही खात नाही, पण ते चरबी भरलेल्या कातडी पिशव्या आणतात. इब्न अब्बासांचं उत्तर होतं, आम्हीही पैगंबरांना हे विचारलं होतं. कमावणं हीच त्याची शुद्धी. परक्या धर्माच्या माणसानं कापलेलं जनावर, बाजारात आलेलं कातडं, आणि घालणाऱ्याला खात्री हवी. ऑनलाइन पट्टा मागवणाऱ्याची अडचण याहून वेगळी नाही.

विरुद्ध बाजूलाही आधार होता. जुहैना टोळीला पैगंबरांनी निधनाच्या महिना-दोन महिने आधी पत्र पाठवलं आणि मुरदाराच्या कातड्याचा, स्नायूंच्या दोऱ्यांचा वापर करू नका असं कळवलं, अशी अब्दुल्लाह इब्न उकैम यांची हदीस आहे. शेवटचा हुकूम तोच खरा, असं धरलं तर आधीची सवलत रद्द होते. हंबली पंथाचे इमाम अहमद इब्न हंबल यांचं प्रसिद्ध मत तसंच आहे: कमावल्यानं मुरदाराचं कातडं पाक (शुद्ध) होत नाही. बाकीच्यांनी पत्राच्या सनदेत, म्हणजे ते सांगणाऱ्यांच्या साखळीत, खोट काढली, किंवा ते पत्र कच्च्या कातड्यापुरतं आहे असं म्हटलं. इमाम मालिक यांच्या पंथातलं रूढ मत मधलं आहे. कातडं पूर्ण पाक होत नाही, पण कोरड्या वस्तूंसाठी आणि पाण्यासाठी वापरावं. गंमत अशी की जगातली सगळ्यात प्रसिद्ध जुनी चर्मशाळा, मोरोक्कोच्या फेज शहरातली शुआरा, याच मालिकी मुलखात आहे. तिथं अजूनही चुना आणि कबुतरांच्या विष्ठेच्या हौदांत कातडी मऊ केली जातात. विरोधाभास दिसतो तेवढा खरा नाही. रीतीनं कापलेल्या बकऱ्याचं कातडं मुळातच पाक असतं, त्यामुळं तिथं हा वाद उद्भवत नाही.

सुन्नींच्या चार मुख्य पंथांपैकी शाफई पंथानं कमावलेलं सगळं मान्य केलं. कुत्रा आणि डुक्कर वगळून. हनफी पंथानं कुत्र्यालाही सूट दिली, डुकराला नाही. कुरआनच्या सहाव्या सूरहमध्ये डुकराला ‘घाण’ म्हटलं आहे आणि बहुतेकांनी ते मांसापुरतं न धरता सगळ्या देहाला लावलं. इथंही एकमत नाहीच. खुद्द हनफी पंथाचे प्रवर्तक अबू हनीफा यांचे शिष्य अबू यूसुफ यांच्या नावावर डुकराचं कातडंही कमावल्यावर पाक होतं असं मत आहे, आणि शब्दशः अर्थ धरणाऱ्या जाहिरी पंथानं तेच धरलं. हे मत पुढं चाललं नाही. वाघ-चित्त्यासारख्या हिंस्र जनावरांच्या कातड्यावर बसू नये अशी वेगळी हदीस आहे.

‘कमावणं’ म्हणजे नेमकं काय, हा वाद मला या सगळ्यात जास्त रंजक वाटतो, कारण तो थेट कारागिराच्या हौदाशी येऊन थांबतो. एका हदीसमध्ये शुद्धीची साधनं म्हणून पाणी आणि ‘करज’ सांगितलं आहे. करज म्हणजे बाभळीच्या जातीच्या झाडाच्या शेंगा. आपल्याकडं बाभळीची साल वापरतात, एवढाच फरक. शाफई म्हणतात की असा तुरट, झोंबणारा पदार्थच हवा. नुसतं मीठ लावून उन्हात वाळवलेलं कातडं कमावलेलं नव्हे. हनफींना ऊन आणि मीठही पुरतं. शाफईंची कसोटी सोपी आहे: पाण्यात भिजवलं तरी पुन्हा सडू नये, वास येऊ नये. १८८४ मध्ये अमेरिकेत ऑगस्टस शुल्ट्झ यांना क्रोमच्या क्षारांनी कातडी कमावण्याचं पेटंट मिळालं आणि काही दशकांत जगाचे हौद बदलले. या कसोटीमुळं क्रोम लेदरला धर्मशास्त्रात फारसा अडथळा आला नाही. सडत नाही ना, झालं तर मग.

महाराष्ट्रात ही पंथांची सीमा चक्क घाटावरून जाते. कोकणी मुसलमान शाफई, समुद्रमार्गानं आलेल्या अरब व्यापाऱ्यांच्या परंपरेतले. देशावरचे आणि मराठवाड्यातले बहुतेक हनफी. कोळंबी खावी की नाही यावरून दोघांची चेष्टामस्करी चालते. केसाळ कातड्याबाबतही फरक आहे. मुरदाराचं कातडं कमावलं तरी त्यावरचे केस नापाकच राहतात, असं शाफईंचं रूढ मत. हनफींच्या मते केसांत मुळात जीवच नाही, मग ते नापाक कसे होतील? कोकणच्या हवेत केसाळ कोट कोण घालतो म्हणा.

हिंदुस्थानात चामड्यावरून रक्तही सांडलं आहे. १८०६ च्या जुलैत वेल्लोरच्या किल्ल्यात कंपनीच्या शिपायांनी बंड केलं. कारणं अनेक होती, पण नव्या पागोट्यावरचा चामडी तुरा गाईच्या किंवा डुकराच्या कातड्याचा आहे ही समजूत त्यातलं एक मोठं कारण होतं. १८५७ ची काडतुसं जास्त प्रसिद्ध आहेत, पण ती दातानं तोडायची होती, म्हणजे प्रश्न तोंडाचा होता. वेल्लोरला तो डोक्यावर घालायच्या वस्तूचा होता.

इथल्या कातडी बाजारानं मात्र हा भेद कधीच धर्माच्या नव्हे तर दराच्या भाषेत बसवला. कापलेल्या जनावराचं कातडं ‘हलाली’, मेलेल्याचं ‘मुरदारी’. मुरदारी स्वस्त, कारण आतलं रक्त निघून गेलेलं नसतं, कातडं उशिरा सोललेलं असतं, कुठं सडायला लागलेलं असतं. हे दोन शब्द उत्तरेतल्या चामड्याच्या पेठांत हिंदू व्यापारीही बिनदिक्कत वापरत. आपल्या गावगाड्यात जत्रेचा बकरा मुलाणी कापायचा, तेव्हा ते कातडं आपोआप हलाली. गाय-बैल मेला की ओढून न्यायचं काम महारांच्या माथी, कमावायचं ढोरांच्या, जोडा शिवायचा चांभारांच्या. शरीअत जे दोन प्रश्न वेगळे करते, ते इथल्या जातिव्यवस्थेनं एकाच माणसावर लादले होते: कातडं काढणाऱ्यालाच मेलेल्याचं मांसही खावं लागे. मार्च १९२७ च्या महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मृत जनावराचं मांस सोडायला सांगितलं, ते या पार्श्वभूमीवर.

मुंबईत हा धंदा धारावीत वाढला, तो मुख्यतः तामिळ प्रदेशातून आलेल्या मुसलमान कमावणाऱ्यांमुळं. वांद्र्याचा जुना कत्तलखाना जवळ होता. १९७१ मध्ये देवनारचा कत्तलखाना सुरू झाला, पुढं हौद एकेक करून धारावीतून हलले, आणि आता तिथं मुख्यतः तयार चामड्याच्या बॅगा-जॅकेटांची शिलाई आणि दुकानं उरली आहेत. २०१५ मध्ये महाराष्ट्रात गाईंबरोबर बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. त्याचा एक परिणाम फारसा बोलला जात नाही. राज्यातल्या बैलाचं कातडं आता कायदेशीरपणे मिळायचं तर ते मेलेल्या बैलाचंच, म्हणजे शरीअतीच्या भाषेत मुरदार. बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावलेल्या अशा कातड्याची कोल्हापुरी चप्पल मुसलमान गिऱ्हाइकानं घालावी का? मैमूनांच्या घरच्या शेळीचं उत्तर इथं जसंच्या तसं लागू पडतं.

खाण्याचा आणि वापराचा प्रश्न पुन्हा एकमेकांत मिसळला तो जिलेटिनमुळं. जनावरांच्या कातड्या-हाडांपासून काढलेला हा पदार्थ औषधांच्या कॅप्सूलमध्ये आणि गोळ्या-चॉकलेटांत जातो. १९९५ मध्ये कुवेतच्या वैद्यकीय परिषदेत जमलेल्या विद्वानांनी पदार्थाचं मूळ रूपच पालटलं की हुकूमही पालटतो, हा ‘इस्तिहाला’चा नियम त्याला लावला. ते अनेकांना पटलं नाही, आणि हलाल प्रमाणपत्र देणाऱ्या बहुतेक संस्था आजही डुकराचं जिलेटिन नाकारतात.

चपला-बुटांत आज खरा प्रश्न उरला आहे तो डुकराचाच. बुटाच्या आतलं अस्तर पुष्कळदा डुकराच्या कातड्याचं असतं. स्वस्त, मऊ, घाम शोषणारं. जाणकार तीन-तीनच्या गटातल्या केसांच्या छिद्रांवरून ते ओळखतात. मलेशिया शाफई देश, म्हणून तिथं २०१३ पासून डुक्कर किंवा कुत्र्यापासून बनवलेल्या वस्तूंवर तशी स्पष्ट सूचना लावणं सक्तीचं आहे, आणि २०१७ मध्ये डुकराच्या केसांचे रंगाचे ब्रश दुकानांतून जप्त झाले होते. इंडोनेशियाचा २०१४ चा हलाल कायदा खाण्यापुरता न राहता वापरायच्या वस्तूंपर्यंत पोचतो. हे दोन्ही जुन्या फिक्हशी, म्हणजे धर्मशास्त्राशी, सुसंगत आहे. पण गाई-म्हशीच्या साध्या पाकिटावर ‘हलाल लेदर’चा शिक्का मारून चार पैसे जास्त घेणं, याला मी तरी धर्मशास्त्र म्हणणार नाही. तो दुकानदारीचा भाग आहे.

मांस आणि कातडं दोन्ही एकाच वेळी घरात येतात ते बकरी ईदला, आणि तिथं नियम खाण्याचाही नाही, शुद्धीचाही नाही, व्यवहाराचा आहे. पैगंबरांच्या कुर्बानीच्या उंटांचं मांस, कातडी आणि झुली वाटून टाकायला आणि त्यातलं काहीही खाटकाला मजुरी म्हणून न द्यायला त्यांचे जावई अली यांना सांगितलं गेलं होतं. मजुरी आम्ही आमच्या पदरची देतो, असं त्या हदीसमध्ये आहे. हनफी मतानुसार कातडं घरी वापरता येतं, जानमाज (नमाजाचं आसन) किंवा पिशवी करून. विकलं तर मात्र पैसा गरिबांचा. म्हणून पिढ्यानपिढ्या ईदच्या दुपारी मदरशांची मुलं मोहल्ल्यात कातडी गोळा करत फिरत आली आहेत आणि काही मदरशांच्या वर्षाच्या खर्चातला चांगला वाटा त्यातून निघत असे. गेल्या काही वर्षांत कातड्यांचे भाव पडले. बांगलादेशात २०१९ मध्ये गिऱ्हाईक नाही म्हणून लोकांनी कुर्बानीची कातडी पुरली, रस्त्यावर टाकली. मीठ लावून ठेवायचा खर्चही कित्येकदा कातड्याच्या किमतीतून सुटत नाही.