लाल डगल्यांची पलटण आणि ब्रेंटफर्डचा वाद

राजा पहिला चार्ल्स आणि संसद यांच्यातल्या इंग्लंडच्या यादवीत संसदेच्या बाजूने लढलेली ही लाल डगलेवाली पायदळ पलटण जेमतेम काही महिने जगली. १६४२च्या उन्हाळ्यात ती लंडनमध्ये उभी राहिली. तिच्यात कारागिरांच्या हाताखाली उमेदवारी करणारी पोरे बरीच होती. तिचा कर्नल डेन्झिल हॉलिस हा जानेवारीत राजा ज्यांना धरायला स्वतः सभागृहात घुसला, त्या पाच सभासदांपैकी एक. २३ ऑक्टोबरला एजहिलच्या लढाईत आपल्याच बाजूचे लोक पळत अंगावर आले, तरी ही पलटण जागची हलली नाही. त्याचे श्रेय तिला क्वचितच मिळते, कारण सगळी शाई लंडनजवळच्या ब्रेंटफर्ड गावातल्या लढाईवर खर्च झाली आहे.

वाद 'बोलणी' आणि 'शस्त्रसंधी' या दोन शब्दांचा. ११ नोव्हेंबरला संसदेचे प्रतिनिधी कोलनब्रुकला राजाला भेटले आणि त्याने बोलणी करायची तयारी दाखवली. दुसऱ्याच दिवशी दाट धुक्यात राजाच्या भाच्याने, प्रिन्स रूपर्टने, ब्रेंटफर्डवर हल्ला चढवला. लंडनने याला दगा म्हटले. राजाच्या बाजूचे म्हणणे असे, की लढाई थांबवायचे ठरलेच नव्हते आणि संसदेचे सैन्य वाटाघाटींच्या आडून आपल्याला घेरत होते. कागदापुरते ते बरोबर आहे. पण लढाई थांबवायची का, हे विचारायला निघालेला संसदेचा माणूस पोहोचेपर्यंत इकडे बार सुरू झाले होते. उत्तराची वाट न पाहता निघणाऱ्याने कागदाचा आधार घ्यावा, हे पटत नाही.

लाल डगलेवाल्यांनी आधी घोडदळ परतवले. मग पायदळ आले आणि मोर्चे पडले. मागे थेम्स नदी होती. कित्येक बुडाले, कित्येक कैद झाले. त्यानंतर गावाची लूट झाली आणि तिच्या बातम्यांनी लंडन चिडले. १३ तारखेला लंडनच्या वाटेवर टर्नहॅम ग्रीनला संसदेचे सुमारे २४,००० लोक उभे राहिले आणि राजा मागे फिरला. पलटण मात्र पुन्हा सावरली नाही. १६४३ सुरू होताच ती मोडली.

ब्रिटिश फौजेचा लाल रंग इथूनच आला, असे सर्रास लिहिले जाते. पण एजहिलवर राजाच्या खास पायदळाचे डगलेही लालच होते. तो रंग सगळ्या फौजेचा झाला संसदेने १६४५ मध्ये उभारलेल्या नव्या सैन्यामुळे (न्यू मॉडेल आर्मी). खडकीला १८१७ मध्ये कंपनीच्या पलटणींच्या अंगावर दिसला तोही त्याच परंपरेतला.

आणि गंमत अशी, की १६४७ मध्ये तेच नवे सैन्य मोडीत काढायला सर्वांत पुढे होता तो आपला जुना कर्नल हॉलिस. सैन्याने त्याच्यावर आरोप ठेवले, तो फ्रान्सला पळाला. १६६१ मध्ये नव्या राजाने, दुसऱ्या चार्ल्सने, त्याला उमराव केले.